गाडीतील वाळू आणि तांबडी धूळ काढण्यासाठी कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

पर्वरीकर:
मुलांना मिरामारच्या किनाऱ्यावर नेऊन आणले की गाडीच्या कार्पेटमध्ये वाळू मुरते आणि पावसाळ्यात तिच्यावर तांबड्या चिखलाचा थर बसतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा, बॅटरीवरचा घ्यावा की घरात वापरण्याजोगा मोठा घ्यावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गाडी इमारतीच्या तळमजल्यावर उभी असते आणि तेथे विजेचा प्लग आहे.

म्हापसेकर:
प्लग हाताशी असताना सॉकेटवरच्या यंत्राचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या सॉकेटचा फ्यूज साधारणपणे 10 ते 20 अँपिअरचा असतो, म्हणजे 12 व्होल्टवर यंत्राला जेमतेम 120 ते 240 वॅट मिळतात. प्लगवर चालणारी मोठी यंत्रे बहुधा 1000 वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीची असतात. अर्थात वॅट हा वीज किती लागते याचा आकडा आहे, त्यामुळे खेचण्याची ताकद पाहायची तर खोक्यावरचा किलोपास्कलचा आकडा वाचावा. बिस्किटांच्या चुऱ्याला छोटे यंत्र पुरते, कार्पेटच्या तळाशी गेलेल्या वाळूला नाही.

फोंडेकर:
यंत्र कितीही दांडगे असले तरी वाळू आधी मोकळी केल्याशिवाय ती निघत नाही. पायपुसण्या बाहेर काढून झटकाव्यात, कार्पेटवर ताठ केसांचा ब्रश उलटसुलट फिरवावा आणि मगच नळी लावावी. सीटच्या रुळांत ग्रीसला चिकटलेली वाळू सर्वांत त्रासदायक. सीट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे सरकवून दोन्ही वेळा फटीत जाणारे अरुंद तोंड वापरावे. बॅटरीवरचे यंत्र घेतलेच, तर ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते.

पर्वरीकर:
आभारी आहे. ओल्या चिखलाचे काय करावे?

मडगावकर:
चिखल शक्यतो सुकू द्यावा. सुकल्यावर तो ब्रशने भुकटी होऊन सुटतो, ओला असताना घासला तर कार्पेटमध्ये आणखी खोल जातो. पाणीच साचले असेल, तर ओले-कोरडे दोन्ही चालणारे यंत्र हवे आणि पाणी ओढण्यापूर्वी त्यातील कागदी किंवा कापडी फिल्टर काढून स्पंजचा बसवावा. साध्या यंत्राने पाणी ओढू नये, कारण ते मोटरपर्यंत पोहोचल्यास शॉक बसण्याचाही धोका असतो. पाणी ओढून झाल्यावरही कार्पेट दमट राहते आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत त्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही, म्हणून दारे उघडी ठेवून पंखा लावावा. फिल्टर धुण्याजोगा असल्यास तोही पूर्ण वाळल्यावरच बसवावा. पावसाळ्यात बदली फिल्टर जवळ असला तर सोयीचे पडते.