मदत हवी आहे: भाचीला एलपीएलची (रक्तातली चरबी फोडणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची) कमतरता, बिनतेलाचा स्वयंपाक कसा जमवता?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. माझी चार वर्षांची भाची पोटदुखीने कळवळत होती म्हणून मिरजेला दाखवलं. स्वादुपिंडाला सूज. रक्ताची नळी फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळी वर चक्क पांढरी साय, खाली पाणी नितळ. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 2,800. (150 च्या आत हवं, 1,000 च्या वर स्वादुपिंडाला धोका.)

जीन तपासणीत एलपीएल जीनच्या दोन्ही प्रतींत एकच बिघाड निघाला. हा जीन आठव्या गुणसूत्रावर असतो. त्यापासून बनणारं लायपोप्रोटीन लायपेज (तेच एलपीएल) हे विकर केशवाहिन्यांच्या भिंतीवर बसून, जेवणातून रक्तात आलेली चरबी फोडतं. तिच्यात ते कामच करत नाही, म्हणून तेल-तूप रक्तात साठून राहतं. नेहमीच्या गोळ्यांचा यात फारसा उपयोग नाही, पथ्य हेच औषध.

वहिनी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही सोयरीक पिढ्यान्पिढ्या चालत आलीय. आईला अजून पटत नाही, पण दादा-वहिनी दोघंही वाहक आहेत (दोघांकडे बिघडलेली एकेक प्रत), त्यामुळे प्रत्येक बाळंतपणात बाळाला हाच आजार असण्याची चारात एक शक्यता. वहिनीला आता तिसरा महिना आहे. गर्भजल तपासणी करावी, की जन्मानंतर लगेच बाळाचं रक्त बघावं? कुणी यातून गेलं असेल तर मनापासून सांगा, घरात यावर बोलणंच थांबलंय.

दुसरं, स्वयंपाक. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 14 ग्रॅम चरबी. भाचीची दिवसभराची मर्यादा जवळपास तेवढीच. शेंगदाण्यात निम्मी चरबी, म्हणजे भडंग आणि शेंगाचटणी दोन्ही बंद. पोर डब्याकडे बघत बसते. डॉक्टरांनी एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या चरबीचं तेल) सांगितलंय, ते आतड्यातून थेट यकृताकडे जातं, या विकराची गरज लागत नाही. शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल घाला, पण त्यातली बरीचशी चरबी नेहमीच्याच वाटेने रक्तात जाते, म्हणून कृपया तो सल्ला नको.

दादा रात्री-रात्री ग्लायबेराबद्दल वाचत बसतो. ती या आजारावरची जीन उपचाराची इंजेक्शनं युरोपात 2012 मध्ये मंजूर झाली, 2017 मध्ये बंदही झाली.

एमसीटी तेल फोडणीला जळतं, मग आमटी-भाजीत कधी घालता? आणि लहान मुलांचं असं पथ्य बसवून देणाऱ्या आहारतज्ज्ञ सांगली-कोल्हापूरकडे माहीत असतील तर व्यनि करा, पुढच्या महिन्यात तिची शाळा सुरू होतेय.