एमबीएचं पहिलं वर्ष, इंटर्नशिपचा शोध आणि एक विषय सोडण्याचा विचार

प्रेषक: विद्यार्थी, साउथ लूप, शिकागो
रविवार, 8 फेब्रुवारी 2026, रात्री 11.40

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवापासून मी या ईमेल यादीवर आहे, पण लिहितोय पहिल्यांदाच. त्या दिवशी ज्या काकूंनी मला मोदक बांधून दिले, त्यांनीच परवा फोनवर सांगितलं की अडचण मांड, लोक उत्तर देतात.

मी सांगलीचा. मेकॅनिकल केलं, चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत प्रेस शॉपला 4 वर्षं होतो आणि गेल्या ऑगस्टमध्ये इथे फुल टाइम एमबीएला आलो. मे 2027 मध्ये डिग्री पूर्ण होईल.

सप्टेंबर उजाडला तसा वर्गातला प्रत्येक दुसरा मुलगा कन्सल्टिंगच्या तयारीला लागला. मीही लागलो. संध्याकाळी कंपन्यांची प्रेझेंटेशन्स, मग कॉफी चॅट, रात्री केस प्रॅक्टिस, म्हणजे मुलाखतीत विचारतात तसे धंद्याचे प्रश्न सोडवायचा सराव. जानेवारीत दोन मुलाखती मिळाल्या, दोन्ही पहिल्याच फेरीत संपल्या. या धावपळीत फायनान्सची मिडटर्म हातची गेली आणि त्या विषयात सी मिळाला. शाळेत कधी पहिल्या पाचाच्या बाहेर गेलो नव्हतो, त्यामुळे ते फार लागलं.

आता या सेमिस्टरला 5 विषय आहेत आणि उन्हाळ्याची इंटर्नशिप अजून हातात नाही. 70 च्या वर अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरच येत नाही. रात्री 2 पर्यंत अर्ज भरतो, सकाळी 8.30 च्या वर्गात नुसता बसतो. गटातल्या लोकांच्या मीटिंगा मी दोनदा चुकवल्या.

प्रश्न एवढाच आहे: एक विषय सोडून देऊ का? डेटा आणि ऑपरेशन्सचा एक विषय आहे, गणित जड आहे, आठवड्याचे 12 तास खातो. तो सोडला तर शोधाला वेळ मिळेल. बाबांनी गावभागातलं घर तारण ठेवून कर्ज काढलंय, त्यामुळे इंटर्नशिपशिवाय उन्हाळा गेला तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

लांबलं, क्षमस्व.

---

प्रेषक: काका, नेपरव्हिल
सोमवार, 9 फेब्रुवारी, सकाळी 6.15

बाळा,

पत्र वाचलं आणि सौ.लाही वाचून दाखवलं. सी मिळाला म्हणून आयुष्य थांबत नाही, ते आधी डोक्यातून काढ.

मी 31 वर्षं कारखान्यात काढली, त्यातली शेवटची 12 प्लँट मॅनेजर म्हणून. माझा पुतण्या इथे पॅकेजिंगचा छोटा धंदा करतो. तू आठवड्याचे दोन दिवस त्याच्याकडे येऊन बस, हिशेब बघ, इन्व्हेंटरी लावून दे. पैसे नकोत म्हणालास तरी चालेल. रेझ्युमेवर इथलं काहीतरी दिसेल. कधी येतोस ते कळव.

---

प्रेषक: ताई, ओक पार्क
सोमवार, 9 फेब्रुवारी, रात्री 9.05

काका, तुमचं मन मोठं आहे, म्हणूनच आधी हे लिहिते. असं काही सुरू करू नका. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरचं काम, अगदी बिनपगारी असलं तरी, अंगाशी येऊ शकतं. कंपनी फायद्यासाठी चालते आणि तिथे एरवी पगारी माणूस करतो ते काम हा करणार, म्हणजे ते कामच. आधी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी लागते. ती त्याच्या आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापून येते, त्यावर कंपनीचं नाव आणि तारखा असतात, आणि त्या तारखेच्या आधी एक दिवसही काम करायचं नसतं. शिवाय सीपीटी साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. याचं ते मे महिन्यात पूर्ण होईल, म्हणजे जूनची इंटर्नशिप बसते, फेब्रुवारीतलं काम बसत नाही.

आता तुझ्याकडे वळते, दादा. मी तुझ्याच वाटेने गेलेय, 2016 ते 2018. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही ते सांगते.

विषय आपल्या मनाने सोडू नकोस. एफ-1 वर, म्हणजे तुझ्या विद्यार्थी व्हिसावर, दर सेमिस्टरला पूर्ण वेळाचा अभ्यासभार ठेवावा लागतो. डीएसओच्या, म्हणजे कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याखाली गेलास तर स्टेटसच, इथे राहायचा कायदेशीर दर्जाच जातो, आणि मग इंटर्नशिपचा प्रश्नच उरत नाही. पाचातला एक सोडूनही भार पुरेसा राहतो का, हे आधी डीएसओला विचार. आणि विचारायला जाशील तेव्हा आय-20 सोबत ने. पहिल्या पानावर तुझ्या प्रोग्रॅमच्या नावापुढे एक सीआयपी कोड असतो, म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या शाखेतला ते सांगणारा क्रमांक. 52.0201 असेल तर ते साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. 52.1301 असेल तर मॅनेजमेंट सायन्स, आणि ते स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात मोडतं. काही शाळांत सगळं एमबीए स्टेम असतं, काही ठिकाणी ठरावीक मेजर किंवा ट्रॅक घेतला तरच. तुझं कुठलं आहे ते मला माहीत नाही, पण तुला या आठवड्यात माहीत असायला हवं.

फरक केवढा पडतो बघ. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची मुभा, 12 महिन्यांची. स्टेम असेल तर वर 24 महिने, म्हणजे एकूण 3 वर्षं. पहिल्या 12 महिन्यांत नोकरीशिवाय जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, स्टेमची मुदतवाढ मिळाली की एकूण 150. स्टेमसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाचा परवाना तपासायच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत हवी, तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधी तेही विचारायचं. एच-1बीच्या, म्हणजे कंपनीने मागायच्या नोकरीच्या व्हिसाच्या जागा वर्षाला 65,000 आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी 20,000, नोंदणी दर मार्चमध्ये. एक वर्ष हातात असेल तर फार तर एकदोन संधी मिळतात, तीन वर्षं असतील तर तीन. गेल्या सप्टेंबरमध्ये 1 लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाल्यापासून कंपन्या बिचकतात हे खरं आहे. पण देशात राहूनच एफ-1 वरून एच-1बीला स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असं ऑक्टोबरमध्ये यूएससीआयएसने, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलंय. रिक्रूटरला हे माहीत नसतं. शांतपणे सांगायला शीक.

अर्जातल्या स्पॉन्सरशिपच्या प्रश्नाला खरं उत्तर दे. मात्र माणसाशी बोलायला मिळालं की लगेच सांग की उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी कंपनीला काही अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावं लागत नाही, सगळं कॉलेजकडून होतं. हे एक वाक्य मी उशिरा शिकले.

आता अभ्यास आणि शोध. मी पहिल्या वर्षी दोन्ही एकाच वेळी करायचे. अकाउंटिंगच्या वर्गात लॅपटॉपवर अर्ज भरायचे आणि रात्री अर्ज भरताना अकाउंटिंगची काळजी करायचे. दोन्ही बिघडलं. दुसऱ्या वर्षी मी शोधालाही वर्गासारखी वेळ दिली: मंगळवार आणि गुरुवार सकाळी 7 ते 9, शनिवारी सकाळी 3 तास. त्याबाहेर अर्जाच्या साइट्स उघडायच्या नाहीत, रात्री तर नाहीच. पहिले दोन आठवडे हात शिवशिवायचे. तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली.

या 7 तासांतले 2 तासच अर्जांना. बाकीचे माणसांना. मी एक वही घातली होती, साधी रेघांची. कुणाशी बोलले, कुठे काम करतात, काय म्हणाले, पुन्हा कधी लिहायचं. माजी विद्यार्थ्यांना 20 मिनिटं मागायची आणि त्यांच्या कामाबद्दल विचारायचं. नोकरी मागायची नाही. फोन ठेवण्याआधी एवढंच: आणखी कुणाशी बोलू? 70 अर्जांतून मला एक मुलाखत मिळाली होती. वहीतल्या 34 माणसांतून पाच.

आणि गटाच्या मीटिंगा चुकवू नकोस, हात जोडून सांगते. माझी पहिली नोकरी माझ्या ऑपरेशन्सच्या गटातल्या मैत्रिणीमुळे लागली. ती उन्हाळ्यात जिथे होती तिथे तिने माझं नाव सुचवलं, कारण मी रात्री 11 ला एक्सेल दुरुस्त करून पाठवलेली तिने पाहिली होती. दुसऱ्या गटातल्या मुलाने माझं नाव सुचवलं नसतं, आणि त्याचंही बरोबर होतं. त्या गटात मी नावालाच होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

ग्रेडचं म्हणशील तर सगळे विषय सारखे धरू नकोस. मुलाखतीत ज्याबद्दल विचारतील असे दोन विषय खोलात कर, बाकीचे नीट पास हो. चाकणच्या माणसाला ऑपरेशन्सबद्दलच विचारणार. मग तोच विषय सोडून कसं चालेल?

---

प्रेषक: काका, नेपरव्हिल
मंगळवार, 10 फेब्रुवारी, सकाळी 5.50

ताई, बरं झालं वेळेवर लिहिलंस. मी ग्रीन कार्डावर आलो, मला हे नियम कधी लागलेच नाहीत. बाळा, माझं पहिलं पत्र विसर.

त्याऐवजी हे करू. शनिवारी दुपारी घरी ये. मी शेकडो मुलाखती घेतल्यात, तुझीही घेतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण आपल्या मुलांचं हमखास इथेच अडतं. माझ्यासमोर पुण्याचा, नागपूरचा, कोल्हापूरचा मुलगा बसायचा. विचारलं की तू काय केलंस, तर म्हणायचा "आम्ही लाइनचं आउटपुट वाढवलं". मी विचारायचो, आम्ही म्हणजे कोण? तर पुन्हा "आमची टीम". आपल्याकडे घरात मी मी करणाऱ्याला मोठी माणसं गप्प बसवतात. संस्कार चांगलाच आहे. पण समोर बसलेल्या अमेरिकन माणसाला तुझ्या टीमला घ्यायचं नसतं, तुला घ्यायचं असतं. तो कागदावर लिहितो: स्वतः काय केलं, स्पष्ट नाही. मी मराठी असून मलाही तसंच लिहावं लागलं आहे, आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे.

तू गणपतीत मला डाय बदलण्याची गोष्ट सांगितली होतीस. प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला 90 मिनिटं लागायची, तू ती 40 वर आणलीस. कशी आणलीस? प्रेस चालू असतानाच कुठली तयारी उरकून घेतलीस, बोल्टऐवजी कुठे क्लॅम्प लावलेस, डाय बसवणारा म्हातारा सेटर तुझं ऐकायला तयार कसा झाला? ही गोष्ट 2 मिनिटांत, "मी" म्हणून, आकड्यांसकट. सेटरचं श्रेय सेटरला दे, पण तुझं तुझ्याकडे ठेव. मी ऐकणार आहे आणि मध्येच थांबवणार आहे.

आणि कन्सल्टिंग सोड, निदान या उन्हाळ्यापुरतं. त्यांची पहिल्या वर्षाची भरती बहुतेक जानेवारीतच आटोपते. कारखानदारीतल्या, सप्लाय चेनच्या जागा मार्च-एप्रिलपर्यंत निघत राहतात. जॉन डिअर इथून पश्चिमेला मोलिनला, त्यांचा कारखाना सणसवाडीला. कमिन्स खाली इंडियानात कोलंबसला, त्यांचा फलटणला. तिथल्या माणसाला चाकण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. 70 अर्जांपैकी अशा ठिकाणी किती केलेस? उत्तर शनिवारी घेऊन ये.

रेझ्युमे एक पान. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, काही नको.

---

प्रेषक: काकू, शॉमबर्ग
मंगळवार, 10 फेब्रुवारी, दुपारी 1.20

मोदकवाली काकू मीच. व्हिसातलं मला कळत नाही. पण बाबांना फोन कर आणि खरं सांग. सी मिळालाय, इंटर्नशिप नाही, हे सांग. माझ्या मुलाने 8 महिने लपवलं होतं. कळलं तेव्हा आम्हाला नोकरीचं दुःख नाही झालं, तो एकटा होता याचं झालं. आणि बँकेत विचारायला सांग की कोर्स संपल्यावर हप्ता नेमका केव्हा सुरू होतो. बहुतेक शैक्षणिक कर्जांत कोर्सनंतर काही महिन्यांची सवलत असते, व्याज मात्र चढत राहतं. तारीख माहीत असली की भीती कमी होते.

शनिवारी काकांकडे जाणार असशील तर मी डबा तिथे पोचवते. थालीपीठ आणि लोणी.

---

प्रेषक: विद्यार्थी, साउथ लूप
गुरुवार, 12 फेब्रुवारी, संध्याकाळी 7.30

सर्वांना नमस्कार,

आज डीएसओंकडे जाऊन आलो. माझ्या आय-20 वर 52.0201 आहे. आमच्याकडे मॅनेजमेंट सायन्सचा वेगळा ट्रॅक आहे, तो घेतला तर कोड 52.1301 होतो. त्यासाठी चार विषय लागतात. जो मी सोडणार होतो तो त्यातला पहिला आहे, त्याच्याशिवाय पुढचे तीन घेता येत नाहीत, आणि तो वर्षातून एकदाच असतो. विषय सोडायची शेवटची तारीख उद्या होती. मी फॉर्म भरून ठेवला होता, तो फाडला. ट्रॅकचा अर्ज मार्चअखेर द्यायचाय.

ताई, वही आणली. त्यात सध्या 6 नावं आहेत. मंगळवारी आणि आज सकाळी 7 ला उठून बसलो. आज एका माजी विद्यार्थ्याने फोन घेतला, मोलिनलाच आहे, 20 मिनिटांऐवजी 45 मिनिटं बोलला. त्याच्या टीममध्ये जागा नाही, पण दोन नावं दिली. गटातल्या लोकांची माफी मागितली. या आठवड्याचं मॉडेल मी करतो म्हणालो. एक मुलगी अजून नीट बोलत नाही, ते मी समजू शकतो.

काका, उत्तर आधीच देतो: 70 पैकी कारखानदारीत 4. डायची गोष्ट चार वेळा लिहिली, पहिल्या खर्ड्यात "आम्ही" 11 वेळा होतं.

काल रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तू चाकणला असताना पहिल्या वर्षी तुला सेटर लोक जुमानत नव्हते तेव्हाही तू असाच फोन केला होतास. मला ते आठवतही नव्हतं. सोमवारी बँकेत जाऊन हप्त्याची तारीख विचारतो म्हणाले.

शनिवारी युनियन स्टेशनवरून बीएनएसएफ मार्गावरची दुपारची लोकल पकडून नेपरव्हिलला येतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नका काका, मी चालत येईन, वाटेत गोष्ट पाठ करायची आहे.