मदत हवी आहे: पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं फाईलमध्ये किती लिहायचं?

वसईवाली

नमस्कार मंडळी.

मुंबईत उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी चॅप्लिन आहे. हॉस्पिटलचं नाव नको. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: पेशंटपाशी आणि घरच्यांपाशी बसायचं, त्यांना जे बोलायचंय ते ऐकायचं. कुणाला फादर हवे असतात, कुणाला मौलाना, कुणाला भटजी, कुणाला भन्ते, ते जमवून द्यायचं. उपचार माझ्याकडे नाहीत आणि 'बरं वाटेल हो' असं आश्वासनही मी देत नाही. मी वसईची, कॅथलिक. बंगळुरूला सेंट जॉन्स हॉस्पिटलात या कामाचं प्रशिक्षण घेतलं. पेशंट सगळ्या धर्मांचे, आणि जवळजवळ सगळे मला सिस्टरच म्हणतात. दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.

अडचण आहे ती फाईलमधल्या नोंदीची.

हॉस्पिटलला एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन आहे. त्यांच्या मानकांत रुग्णाच्या हक्कांमध्ये आध्यात्मिक गरजेची मागणी आली तर तिला प्रतिसाद देणं येतं. प्रतिसाद दिला म्हणजे त्याचा कागद आलाच. त्यामुळे आमच्या पॅलिएटिव्ह विभागाच्या (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारा विभाग) डॉक्टर मॅडमचा आग्रह असा, की प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी आणि पेशंटच्या मुख्य फाईलमध्येच व्हावी. 'भेट दिली, धीर दिला' असलं लिहून चालत नाही त्यांना. त्यांचं म्हणणं मला पटतंही. सिसिली सॉन्डर्स बाईंनी (लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारी संस्था, त्यांनी १९६७ मध्ये सुरू केलं) सांगून ठेवलंय की शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं दुखणं मिळून पेशंटचं एकच दुखणं होतं. मॉर्फिन वाढवूनही माणूस तळमळत असेल तर का, हे डॉक्टरला कळायला नको का?

काही नोंदी लिहिताना विचारच करावा लागत नाही. आजीच्या तोंडात गंगाजल घालायचंय, पण तिला गिळताना ठसका लागतो. मग 'कापसाच्या बोळ्यानं फक्त ओठ ओले करावेत, तोंडात ओतू नये' असं ठळक लिहायचं. नाहीतर रात्री कुणीतरी मायेपोटी चमचाभर ओतणार आणि ते फुप्फुसात जाणार. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेपाशी उदबत्ती नाही, अंगारा लावायला हरकत नाही. एमआरआयला नेताना गळ्यातला ताईत काढावा लागेल, तो बायकोच्याच हातात द्यावा, ट्रेमध्ये टाकू नये. असं लिहून ठेवलं की वॉर्डातली निम्मी भांडणं होतच नाहीत.

अडतं ते पुढे. तपशील बदलून सांगते.

साठीतले काका, कोल्हापूरकडचे. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. मुलगा इथे घाटकोपरला असतो. दाखल करतानाच त्यानं सगळ्यांना बजावलं, की बाबांना कावीळ म्हणून सांगितलंय, कुणी काही बोलायचं नाही. एका दुपारी तो खाली बिलिंगला गेला असताना काका मला म्हणाले, "सातवी शिकलोय मी सिस्टर. लिफ्टभाईरची पाटी वाचता येतीय की मला. पर पोराला सांगू नगा. मला ठावं न्हाई म्हणून तर त्यो धीरानं हाय."

थोड्या वेळानं दुसरी गोष्ट निघाली. बांधावरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे, कोर्टात दावा चालू आहे. आता तो दावा मुलगाच बघतो. काकांना भावाला एकदा भेटायचंय, आणि तेही मुलाच्या कानावर न जाता. रात्री ते झोपत नाहीत, नर्सकडे जादा डोस मागतात. त्या तळमळीतला बराचसा भाग भावाचा असावा असा माझा अंदाज आहे.

आता फाईल कशी फिरते ते सांगते. एरवी ती नर्सिंग काउंटरला असते. पण सीटीला खाली नेताना वॉर्डबॉय व्हीलचेअर ढकलतो आणि फाईल नातेवाइकाच्या हातात येते. लिफ्टची वाट बघता बघता ती उघडते, पानापानाचे फोटो निघतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगलीच्या डॉक्टर मेहुण्याकडे जातात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या माणसाचं काय चाललंय हे धड कळायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग तरी कुठे असतो?

म्हणजे 'पेशंटला आजाराची पूर्ण कल्पना आहे' असं मी लिहिलं की संध्याकाळच्या आत मुलाला कळणार. नाही लिहिलं, तर राउंडला डॉक्टर काकांपुढे काविळीचं बोलत राहणार आणि काका माना डोलावणार. मॅडमना तोंडी सांगता येतं, पण रेसिडेंट (वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर) बदलत राहतात, रात्रपाळीचे तर मला भेटतही नाहीत.

एक सहकारी म्हणतो, स्वतःची वेगळी वही ठेव. मला ते बरोबर वाटत नाही. ती वही हॉस्पिटलची की माझी? उद्या कुणी मागितली तर?

हॉस्पिटल, समाजसेवा विभाग, समुपदेशन यांपैकी कशातही काम केलेल्यांनी कृपया लिहा. आणि भावाला फोन मी करावा का, तेही. 'प्रार्थना करा' असे प्रतिसाद नकोत, ती चालूच आहे.

---

डॉ_रातपाळी

पॅलिएटिव्हमध्येच आहे, परळला शिकलो. नोंद करण्याआधी मी एवढंच बघतो, की ही ओळ वाचून दुसरं कुणी काही वेगळं करणार आहे का? बांधाचा दावा वाचून रेसिडेंट काय करणार? चहाच्या टपरीवर सांगेल फार तर. त्याऐवजी लिहा: 'रात्रीची अस्वस्थता केवळ शारीरिक वेदनेमुळे नसावी. कौटुंबिक चिंता आहे. डोस वाढवण्याआधी चॅप्लिनशी बोलावे', आणि खाली तुमचा एक्स्टेन्शन नंबर. पेशंटच्या माहितीबद्दल लिहा: 'आजाराविषयी स्वतःहून बोलल्यास विषय बदलू नये, ऐकून घ्यावे.' हे मुलानं वाचलं तरी काकांचा शब्द मोडत नाही, आणि रेसिडेंटला जे कळायचं ते कळतं.

याला एक अपवाद आहे. जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल, उशीखाली गोळ्या साठवलेल्या असतील, तर कसली गुप्तता? तिथल्या तिथे डॉक्टरला तोंडी सांगा, लिहिणं नंतर. आणि हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुमच्या जिवाला धोका असेल तर मला बोलावं लागेल.

मुलाचं म्हणाल तर त्याला एकट्याला बसवून विचारा, "बाबांना किती माहीत असेल असं तुम्हाला वाटतं?" पुढे काही बोलू नका. बहुतेक वेळा उत्तर येतं, "त्यांना कळलं असणार." मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता दोन्हीकडच्या नाटकाचं नवल वाटत नाही.

भावाला फोन तुम्ही करू नका. नंबर लावून फोन काकांच्या हातात द्या.

---

निव्वळ_वाचक

फाईल राहू द्या बाजूला. मरणाच्या दारातल्या हिंदू पेशंटजवळ मिशनरी बाई कशाला बसवतात, हा खरा प्रश्न आहे. यातून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

वसईवाली

@निव्वळ_वाचक, ही शंका रोज भेटते. नातेवाईक आधी माझ्या गळ्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. पेशंटनं स्वतः मागितल्याशिवाय मी प्रार्थनेचं नाव काढत नाही, आणि मागितली तर त्यानं मागितलेली असते तीच. आषाढीच्या सुमारास एका आजींना हरिपाठ ऐकायचा होता. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना तो तोंडपाठ. मग मेट्रनच्या मागे लागून मावशींची पाळी बदलून घेतली. माझं बरंचसं काम हे असंच असतं.

कुणी हॉस्पिटलात धर्माचा प्रचार करताना दिसलं, किंवा मंत्रानं गाठ विरघळवतो म्हणताना दिसलं, तर जरूर तक्रार करा. मीही करते.

@डॉ_रातपाळी, 'विषय बदलू नये, ऐकून घ्यावे' ही ओळ उचलते. मनापासून आभार.

---

कायदेकानू

वकील आहे, पण हा कायदेशीर सल्ला समजू नये.

फाईल: वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. तेव्हा लिफ्टपाशी फोटो काढू दिले नाहीत तरी कागद आज ना उद्या बाहेर जाणारच, असं धरूनच लिहा.

वही: कामाच्या निमित्तानं लिहिलेली वही 'खाजगी' आहे असं म्हणून सुटका होत नाही, कोर्ट ती मागवू शकतं. साक्षीपुराव्याच्या कायद्यात अशिलानं वकिलाला सांगितलेल्याला संरक्षण आहे. डॉक्टर किंवा धर्मगुरू यांच्यासाठी तशी तरतूद नाही. इथे तर जमिनीचा दावाच चालू आहे. काका बांधाबद्दल जे बोलले ते कुठेही लिहू नका, असं मी तुमच्या जागी असतो तर स्वतःला बजावलं असतं.

अजून एक. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कुणी बोललं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) ते कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. कबुलीजबाब, विश्वास वगैरे तिथे मध्ये येत नाही.

---

सातरस्ता

तो लिफ्टपाशी फोटो काढणारा मुलगा मी आहे. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातला नव्हे, पण तसाच.

वडील अ‍ॅडमिट होते तेव्हा मी फाईलचं प्रत्येक पान काढून भावाला पाठवायचो. रिपोर्ट शोधत होतो, आणि मध्येच नर्सच्या बारीक अक्षरात दिसलं, 'पेशंट रात्री दोन वाजता रडत होता, घरी जायचे म्हणतो.' क्रिएटिनिन किती, हिमोग्लोबिन किती, यांच्या मधोमध ही ओळ. रात्री दोनला मी त्याच मजल्यावर बाकड्यावर झोपलो होतो. कुणी उठवलं नाही. राग नर्सचा आला नाही, तिनं तिचं काम केलं. पण हे मला कागदावरून कळावं?

म्हणून सांगतो, काय लिहायचं ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. पण मुलाला वाचून कळण्याआधी त्याच्याशी कुणीतरी चार शब्द बोला. काकांचं गुपित फोडा असं म्हणत नाही मी. नुसतं "तुम्ही स्वतः जेवलात का, झोप होते का" इतकं विचारलंत तरी तो बोलायला लागेल. आम्हाला कुणी काही विचारतच नाही. सही करा आणि डिपॉझिट भरा, एवढंच.

---

जर्सीकर

इथे (न्यू जर्सी) नर्स आहे. आमच्याकडे चॅप्लिन टीमचाच भाग असतात आणि त्यांची नोंद कॉम्प्युटरवरच होते. २०२१ पासून पेशंटला बऱ्याचशा नोंदी फोनवर लगेच वाचता येतात, त्यामुळे सगळ्यांनीच भाषा बदलली. 'पेशंट देवावर चिडलेला आहे' असं लिहिण्याऐवजी आमच्या चॅप्लिन बाई 'श्रद्धेबद्दल काही कठीण प्रश्न बोलून दाखवले, पुन्हा भेटणार' असं लिहितात. ज्याच्याबद्दल लिहिताय त्यानं वाचलं तर त्याला अपमान वाटू नये, असा त्यांचा हिशोब.

त्यांची अजून एक सवय मला फार आवडते. निघताना त्या पेशंटलाच विचारतात, "यातलं डॉक्टरांना काय सांगू, आणि काय तुमच्या-माझ्यात ठेवू?"

अवांतर: माझी मुंबईतली बहीण एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर) आहे, तिला या कामात यायचंय. सुरुवात कुठून करावी?

---

वसईवाली

@जर्सीकर, बहिणीला आधी बांद्र्याच्या शांती आवेदना सदनात जाऊन बघायला सांगा. देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासूनचं. तिथे नुसतं स्वयंसेवक म्हणून काही दिवस घालवले तरी हे आपल्याला झेपेल की नाही ते समजतं. प्रशिक्षणासाठी बंगळुरूचं सेंट जॉन्स किंवा वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज). तुमच्या अमेरिकेत या प्रशिक्षणाचं एक युनिट ४०० तासांचं असतं आणि त्यातला मोठा भाग वॉर्डात जातो, यावरून पुस्तकी काम किती ते लक्षात येईल. महापालिकेच्या हॉस्पिटलात या नावाचं पद मी तरी पाहिलेलं नाही, तिथे हे सगळं समाजविकास अधिकारी आणि आयाबाया आपल्या परीनं निभावतात. पगाराबद्दल तिला आधीच कल्पना द्या, फार नसतो.

आता इकडची खबर. मॅडमशी बोलले. डॉ_रातपाळी यांनी सुचवलेल्या दोन्ही ओळी त्यांनी एक शब्द बदलून मान्य केल्या. वेगळी वही रद्द. 'काय सांगू, काय ठेवू' हे कालच काकांना विचारलं. ते म्हणाले, "झोप लागत न्हाई त्ये सांगा. का लागत न्हाई त्ये ऱ्हाऊ द्या." तसंच लिहिलं.

फोन त्यांच्याच हातात दिला. भावजयीनं उचलला. आधी कुणीच बोलेना, मग पाऊसपाण्याचं, म्हशीचं बोलणं झालं. भाऊ येतो म्हणाला की नाही ते काकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

@सातरस्ता, मुलाला कँटीनमध्ये गाठलं. त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. उद्या मॅडम त्याच्याशी बोलणार आहेत, मी बरोबर असेन.

एक मदत अजून हवी आहे. पहिल्या भेटीत पेशंटच्या हातात द्यायचा एक कागद करतेय: मी कोण, काय गुप्त राहील, काय राहणार नाही, आणि मला भेटायचं नसेल तर तसं सांगायला संकोच नको. मराठी आणि हिंदी मी करेन. गुजराती आणि उर्दूत कुणी करून देईल का? भाषा सोपी हवी, सरकारी नको.

---

कौसा_लोकल

उर्दू मी करतो. अम्मी टाटात होती तेव्हा असला कागद मिळाला असता तर बरं झालं असतं. मराठी मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अक्षरं मोठी ठेवा, म्हाताऱ्या माणसांचे चष्मे नेमके घरी राहिलेले असतात.