'हवामान' की 'हवा'?

मुलुंडकर : आज सकाळच्या लोकलमध्ये हाफ स्वेटर घातलेले एक काका जोरात म्हणाले, "कसला हवामानबदल? इथे दात वाजतायत!" अख्खा डबा हसला. माझी शंका शब्दाबद्दल आहे. हवामान खातं उद्याची थंडी सांगतं आणि 'हवामानबदल' ही कित्येक दशकांची गोष्ट. दोन्हींना एकच शब्द कसा?

गिरगावकर : तिथेच तर गोची आहे. 'हवा' अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेली. 'मान' संस्कृत, म्हणजे माप, जसं पर्जन्यमान, दिनमान. शाळेच्या भूगोलात भेद स्पष्ट होता. आजची ती हवा आणि वर्षानुवर्षांची सरासरी ते हवामान. ही सरासरी सहसा 30 वर्षांची धरतात. त्या हिशेबाने रोजचा अंदाज देणाऱ्यांना 'हवा खातं' म्हणायला हवं, पण मग ते खरंच हवा खातं असं वाटेल!

वसईकर : आमचे आजोबा 'ऋतुमान बिघडलं' म्हणायचे. तो शब्द का नको?

गिरगावकर : शब्द गोड आहे, पण एका अवकाळी पावसानंतरही आपण तेच म्हणतो. काकांचं काय होतंय बघा. उत्तरेतून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, पुढे सरकला की मागून कोरडे, गार वारे येतात. आकाश निरभ्र असलं तर रात्री जमीन भराभर निवते. ही झाली हवा. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांवर उतरला होता. त्या एका रात्रीवरून ना तापमानवाढ सिद्ध होते, ना खोटी ठरते. जग तापलं म्हणून गार रात्री संपत नाहीत, विरळ होत जातात.

दादरकर : 'थंडीची लाट'ही अशीच उधळतात. किनाऱ्यावरच्या ठिकाणी किमान तापमान 15 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी असेल, तरच ती लाट. 18 अंशांची ती आपली गुलाबी थंडी. आणि सकाळी खाडीवर दिसतं त्या सगळ्याला धुकं म्हणू नका, बऱ्याचदा ते धुरकं असतं. थंडीत वारा पडतो, गार हवा खाली बसते, धूर-धूळ तिथेच कोंडते.

मुलुंडकर : पटलं. काका पुन्हा भेटले तर 'हवा' म्हणून बघतो. बाकी त्यांनी स्वेटर घाटकोपरलाच काढला होता.