सीपीआरसाठी फीडबॅकवालं डिव्हाइस : मॅनिकिन घ्यावा की मीटर?

सिस्टर_कराडकर
आमचं 50 बेडचं हॉस्पिटल आहे, नर्सिंगचं ट्रेनिंग मी बघते. यंदा सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची ते) फीडबॅक देणारं काहीतरी घेऊ म्हणतायत पण बजेट एकाच गोष्टीचं, एकतर मोबाईल ॲपला जोडायचा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नाहीतर पेशंटच्या छातीवर ठेवून वरून दाबायचं ते छोटं मीटर. आत्ताचा मॅनिकिन नुसता टक्‌ वाजतो, रिकॉइल, म्हणजे दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ दिली का, वगैरे काही कळत नाही. मुली जोर लावतात पण दाबून झाल्यावर छातीवर रेलूनच राहतात. खरंच फरक पडतो का या गोष्टींनी, की नुसतं दिवे लागायचं कौतुक?

भूलतज्ज्ञ_77
आधी मॅनिकिन घ्या सिस्टर. आपल्याला वाटतं आपण 5 सेमी दाबतोय आणि स्क्रीनवर दिसतं चारसुद्धा नाही, स्पीडचं उलटं, मिनिटाला 100 ते 120 हवा तर घाईत 140 च्या वर जातो. हे तोंडी सांगून पटत नाही हो, स्वतःचा ग्राफ बघितला की सीनियर डॉक्टरपण गप्प बसतात 😄 अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 पासून अडल्ट सीपीआरच्या कोर्सला फीडबॅक डिव्हाइस कंपल्सरी केलंय ते उगाच नाही.

रातपाळी_आयसीयू
मीटर आमच्याकडे आहे. त्यात ॲक्सेलरोमीटर असतो, म्हणजे हात किती खाली गेला एवढंच त्याला कळतं. गादी दबली तरी ते छातीतच धरतं, त्यामुळे मऊ गादीवर स्क्रीन म्हणणार मस्त चाललंय आणि छाती दबलीच नाही पुरेशी. पाठीखाली बोर्ड सरकवायचाच, एअर बेड असेल तर सीपीआरचा व्हॉल्व ओढून हवा सोडायची. बोर्डानेही सगळा फरक जात नाही पण बराच कमी होतो. आणि कोड (हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठीची धावपळ) चालू असताना मीटरकडे बघतं कोण, एकीला मुद्दाम उभं करा जी मोठ्याने सांगेल "खोल दाब, हात पूर्ण उचल, दोन मिनिटं झाली, बदल".

शंकासुर
कौतुक चाललंय म्हणून विचारतो, पेशंट वाचतात का त्याने? 2011 ला बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये अमेरिका-कॅनडाचा दीड हजारावर पेशंटचा ट्रायल आला होता, फीडबॅकने छाती दाबणं सुधारलं पण पल्स परत येण्यात काही फरक नाही.

भूलतज्ज्ञ_77
बरोबर, पण ते हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेले पेशंट होते. 2019 ला इराणच्या आयसीयूंमधला ट्रायल आला, 900 पेशंट, त्यात पल्स परत येणं आणि घरी जाणं दोन्हीत चांगलाच फरक होता. गंमत म्हणजे ते डिव्हाइस साधं होतं, ना स्क्रीन ना बॅटरी, पुरेसा जोर लागला की क्लिक वाजतो. एका ट्रायलवर उड्या मारू नयेत हे मान्य.

बायोमेड_नाशिक
मीटरला पैसे घालायच्या आधी तुमच्या डिफिब्रिलेटरचं (हृदयाला शॉक द्यायच्या मशीनचं) मॉडेल बघा. झोलसारख्या कंपन्यांच्या काही मशीनला छातीवर चिकटवायचे सेन्सरवाले पॅड लावले की खोली आणि स्पीड स्क्रीनवरच येतो. परचेसवाले स्वस्तातले साधे पॅड मागवतात म्हणून ते फीचर कुणाला माहीतच नसतं. पॅड एकदाच वापरायचे आणि एक्सपायरी असते, तेवढा खर्च मात्र धरा.

सिस्टर_कराडकर
मग मॅनिकिनचंच कोटेशन मागवते, पॅडचं आमच्या बायोमेडिकलला विचारते. बेडचा व्हॉल्व कुठे असतो हे आमच्या वॉर्डात कितीजणींना माहितीय देव जाणे, उद्या हँडओव्हरलाच विचारते.

रातपाळी_आयसीयू
विचारू नका, प्रत्येकीला एकदा ओढायला लावा. आमच्याकडे एका बेडचा जाम झालेला निघाला.