सौर लावणाऱ्याला करसवलत, वीज वाचवणाऱ्याला काहीच नाही?

कोथरूडकर: पुण्यात सौर संच, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी काही केलं तर मिळकत करात 5 ते 10 टक्के सूट मिळते. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घराच्या गच्चीवरच्या 3 किलोवॅटच्या सौर संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. कारखानदाराला सौर संचावर 40 टक्के घसारा (किंमत घटल्याचा खर्च, ज्याने आयकर कमी होतो) दाखवता येतो. पण ज्याने वीज मुळात कमी वापरली त्याला छदाम नाही. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटारचा) 30. रोज 12 तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. पंखा 3,000 चा धरा, 78,000 त 26 येतात, म्हणजे महिन्याला साधारण 420 युनिट वाचतात. 3 किलोवॅटचा संच महिन्याला साधारण 360 देतो. मिळकत करातली सूट पंख्यांना आणि गच्चीवरच्या उष्णतारोधक रंगालाही द्यायलाच हवी.

गच्चीधारक: अजिबात पटलं नाही. सरकारच्या 78,000 वर लाखभर रुपये मी घातलेत, ते हिशेबात कुठे आहेत? आणि 26 पंखे कुठल्या घरात असतात? एकरकमी पैसा जिथे जड जातो तिथेच सरकारने हात द्यावा. पंखा माणूस स्वतः घेतो.

भाडेकरू: कोण घेतो? वीजबिल मी भरते, पंखे मालकाचे. तो कशाला बदलेल? आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही स्लॅबखालची भिंत गरम लागते, लहान मूल झोपत नाही. रंगाचं मालकाला तीनदा सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." मिळकत कर तोच भरतो, त्यामुळे सूट मिळाली तर हलेल. रंगाला माझा पूर्ण पाठिंबा. पंख्याची सूट मात्र थेट दुकानात हवी, नाहीतर तीही मालकाच्याच खिशात.

वायरमन: बीएलडीसीचा बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) व्होल्टेज वरखाली झालं की जातो. साध्या पंख्यासारखा कंडेन्सर बदलून भागत नाही. वॉरंटी संपली की लोक परत जुना पंखा टांगतात, हे मी रोज बघतो. सूट चालूच राहणार? सौर संचाची वीज नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर) दिसते, पंखे तपासायला घराघरात कोण शिरणार?

कोथरूडकर: पंखे नका तपासू, बिल तपासा. ग्राहक क्रमांकावर सगळे युनिट नोंदलेले असतात. गेल्या वर्षीपेक्षा उतरले तर सूट.

गच्चीधारक: मुलगा शिकायला बाहेरगावी गेला तरी युनिट उतरतात. आणि आधीपासून जपून वापरणाऱ्याचे आणखी किती उतरणार?

भाडेकरू: खरंय. माझे 90 च्या आत असतात, मला ही सूट कधीच मिळणार नाही.

कोथरूडकर: मग पंख्यांपुरता वेगळा मार्ग घ्या. 2023 पासून छताच्या पंख्यावर वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं आहे. पाच स्टारवरचा 18 टक्के जीएसटी 5 वर आणा, म्हणजे भाडेकरूलाही दुकानातच फायदा. रंगाची मागणी सोडत नाही.

वायरमन: जीएसटी कमी करा, पण बोर्डाची वॉरंटीही वाढवायला लावा.