लठ्ठपणाचे निकष पाठ आहेत, पण आचरणात का येत नाहीत?

प्रश्न (एमबीबीएस, तिसरे वर्ष)
पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध या विषयाच्या) प्रकल्पासाठी आम्ही वर्गातल्याच मुलामुलींची उंची, वजन आणि कंबर मोजत आहोत. १६५ सेंमी उंची आणि ७० किलो वजन असलेल्या एका मित्राचा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २५.७ आला, तेव्हा काहींनी त्याला अतिवजनात धरले, तर काहींनी लठ्ठपणात. बरोबर कोण? शिवाय ज्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत, त्यांचाही सकाळचा नाश्ता बुडतो आणि रात्री मेस बंद झाली की टपरीवरच्या वडापाववर भागवावे लागते. असे का होते?

उत्तर (निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर)
जागतिक निकषानुसार अतिवजन २५ पासून आणि लठ्ठपणा ३० पासून धरतात. भारतीयांसाठी मात्र या मर्यादा २३ आणि २५ आहेत, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबी अधिक असते, तीही पोटाभोवती, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे तुमचा मित्र लठ्ठपणाच्या गटात येतो. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असावी. टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर मोजा.

उत्तर (इंटर्न, लातूर)
माझ्या मते याची सुरुवात एमबीबीएसच्या आधीच होते. नीटच्या तयारीत दिवसभर क्लास, मग अभ्यासिका, आणि खेळ पूर्ण बंद; तीच बैठक पुढे वसतिगृहात चालू राहते. आम्ही मेसवाल्या काकांना विनंती करून नाईट ड्यूटीवाल्यांसाठी ज्वारीची भाकरी आणि भाजी डब्यात काढून ठेवायला लावली, तेव्हा टपरीच्या फेऱ्या आपोआप घटल्या.

उत्तर (पीएसएम शिक्षिका, नांदेड)
सवयींबरोबर दृष्टिकोनही तपासा, बाळांनो. मला त्याचीच अधिक काळजी वाटते. स्थूल रुग्ण समोर बसला की “खाणे कमी करा” एवढे सांगून मोकळे होणारे विद्यार्थी मी रोज पाहते. स्टेरॉइड किंवा काही मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत का, झोप किती होते, घरात कोणाला हा त्रास आहे, हे कोणी विचारत नाही. दटावलेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही आणि तिचा रक्तदाब तसाच वाढत राहतो. उलट वजन पाच ते दहा टक्के जरी उतरले, तरी साखर आणि रक्तदाब सुधारतो, हे तिला धीराने सांगता येते. तुमच्या प्रश्नावलीत वजनाचा विषय काढण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घेता का, हा प्रश्न जरूर घाला, आणि ओपीडीतला वजनकाटा रांगेसमोर आहे की पडद्याआड, हेही नोंदवा.